शेवटच्याची गादी

२ एप्रिल

मेहुणेबुवांस,

आशीर्वाद आहेतच. किती, ते पत्राच्या शेवटी ठरवीन. आधी हिशोब.

"सायकलशर्यतीची टीम बाळगायची म्हणजे काही नाही भाऊजी, आठ सायकली आणि आठ माणसं," असं तू आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून म्हणालास. मी पैशांत हिशोब करत नाही, पैसा वरखाली होतो. मी गाद्यांत करतो. तर ऐक. आठ सायकली आणि मोडल्या तर आणखी आठ : एकशे दहा गाद्या. पगार : तुझा तो नवरदेव, ज्याला बाकीच्यांनी जिंकून आणायचं, तो एकटा चारशे, बाकीचे सात मिळून तीनशे. मोटार, मोटारीवरचा भोंगा, मालिशवाला, मालिशवाल्याचं तेल : नव्वद. जर्सीवर कारखान्याचं नाव विणायला बावीस. टायर तू मोजलेच नव्हतेस, ते अठरा. एकूण नऊशे चाळीस गाद्या. आणि तुझी ताई पाच दिवस माझ्याशी बोलली नाही ती वेगळी. एवढ्या गाद्यांवर एक अख्खं गाव झोपलं असतं आणि सकाळी उठून माझं नाव घेतलं असतं.

तरी मी रागावलेलो नाही. मी सुई-दोरा घेऊन दारोदार जुन्या गाद्या उसवत, परत शिवत फिरलेला माणूस. नाव लोकांच्या तोंडी बसायला काय लागतं ते मला ठाऊक आहे. मला हवंय ते इतकंच, की महाफेरीत माझं नाव पहिलं यावं. माझ्या गादीवर झोपणारा माणूस कुणाच्या मागे राहत नाही, हे मी न्हाव्याच्या दुकानात चारचौघांत सांगून बसलोय.

नवरदेवाचा करार वाचला. त्यात एक कलम आहे की सकाळी त्याला कुणीही उठवायचं नाही, तो आपणहून उठेल. गादीवाल्याला हे कलम आवडणारच, सही केली.

आता दोन प्रश्न. एक, फेरी भरवणाऱ्या पेपरचं पत्र आलंय की गाद्यांच्या कारखान्याचं नाव जर्सीवर चालणार नाही. का? त्यांच्या घरी काय जमिनीवर झोपतात? दुसरा, यादीत एक गवंडी आहे. वय चौतीस, आजवर एकही शर्यत जिंकलेला नाही. हा पगारी आहे की पाहुणा?

तुझा भाऊजी

&nbsp;

९ एप्रिल

भाऊजींस,

हँडलवर वाकावं तेवढं वाकून नमस्कार.

पेपरवाल्यांचं आधी सांगतो. ही फेरी मुळात कुणी काढली? पेपरवाल्यांनीच. उन्हाळ्यात मंत्री सुट्टीवर जातात, कोर्टं बंद असतात, बातम्या आटतात. तेव्हा जुन्या संपादकाच्या डोक्यात आलं की बातमी मिळत नाही तर आपणच पिकवू. शंभर माणसं सायकलवर बसवून देशभर हाकायची आणि काल कुठे काय झालं ते रोज सकाळी विकायचं. रस्त्याकडेला उभ्या माणसाला शर्यत दिसते पाव मिनिट. उरलेली कळायला पेपर घ्यावाच लागतो.

खर्च करायचे सायकल कारखानदार, कारण जिंकलेली सायकल दुसऱ्या दिवशी दुकानातून खपायची. मग लोकांनी स्कूटर घेतल्या. सायकल कारखानदारांचे खिसे फाटले, आणि त्या भोकातून टूथपेस्टवाले, सरबतवाले, सॉसेजवाले आत शिरले. पेपरवाल्याचं दुखणं इथे आहे. टूथपेस्टवाला आधी जाहिरात त्याच्या पेपरात द्यायचा, आता माणसाच्या पाठीवर लावतो, आणि पाठीचं भाडं पेपरला मिळत नाही. म्हणून नियम केला की जर्सीवर नाव फक्त सायकलच्या धंद्यातल्या कंपनीचं.

यावर सरबतवाल्यांनी काय केलं? सायकलला बाटली अडकवायची एक तारेची कडी बनवली. झाले सायकलच्या धंद्यात. तुम्ही एक सीट बनवा. एकच नमुना पुरे.

आता गवंडी. तो पगारी आहे, आणि सगळ्यांत स्वस्त आहे : एकोणीस गाद्या आणि एक उशी. त्याचं काम वाऱ्याला छाती देऊन पुढे राहायचं आणि नवरदेवाने त्याच्या सावलीत बसून यायचं. पाणी आणणं, पंक्चर काढणं, नवरदेवाचं चाक मोडलं तर आपलं काढून देणं, हे सगळं त्याच्याकडे. हा त्याचा शेवटचा हंगाम. त्याच्या गल्लीच्या कोपऱ्यावर सायकलदुरुस्तीचं दुकान आहे, म्हातारा मालक शरद ऋतूपर्यंत त्याच्यासाठी थांबायला कबूल झालाय. फेरी संपली की गावोगावचे लोक चौकातल्या चकरांच्या शर्यती भरवतात आणि फेरीतल्या नावाजलेल्यांना मानधन देऊन बोलावतात. तसली आठ-दहा बोलावणी आली तर दुकान त्याचं. नाही आली तर परत परांचीवर, आणि गुडघा आता शिडी चढू देत नाही. त्याला राहू द्या.

ताईचा राग गेला का?

&nbsp;

२८ एप्रिल

मेहुणेबुवांस,

सीट तयार आहे. नाव ठेवलंय 'आरामसीट'. तू एकच नमुना म्हणालास, पण काम हातात घेतलं की मला अर्धवट जमत नाही. आत सहा स्प्रिंगा, वर लोकरीचा थर, त्यावर घोड्याच्या केसांचा थर, वरून आपल्या सगळ्यांत महागड्या गादीचं निळं कापड. शिवणीवर खडूची खूण मी स्वतः केली आणि टाकेही मीच घातले. वीस वर्षांनी सुई हातात धरली, कारागीर आपापली कामं सोडून बघायला आले. वजन नेहमीच्या सीटच्या सहापट आहे, पण सुख वजनदारच असतं.

पेपरचा तपासनीस येऊन गेला. चष्मा कपाळावर चढवून सीट दाबून बघितली, मग बसून बघितली, मग बराच वेळ उठला नाही. म्हणाला, नियमात बसते, पण टीममधल्या एकाने तरी ही लावून फेरी सुरू करायला हवी. नवरदेवाने ती बघितली आणि आईची आठवण झाल्यासारखं तोंड केलं. तेव्हा ती तुझ्या गवंड्याला देतोय. नाहीतरी तो मागेच बसणार, निदान नीट बसेल.

सीट उत्तम आहे याची खात्री मी देतो. मी स्वतः तिच्यावर बसून चाळीस किलोमीटर केले.

तुझा भाऊजी

ता. क. : मी ताई. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे आलं म्हणून दोन ओळी. सायकल अंगणात स्टँडवर लावली होती. हे तिच्यावर बसून पेपर वाचत होते आणि मागचं चाक हाताने फिरवायला शिपाई ठेवला होता. त्यांना सायकल येत नाही. राग गेला, हसण्यात गेला.

&nbsp;

६ जुलै

भाऊजींस,

नमस्कार. हॉटेलच्या जिन्यात बसून लिहितोय, कारण खोलीत मालिशवाला रडतोय.

क्रमाने सांगतो. फेरी सुरू झाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. आपल्या पुढे जाहिरातींच्या गाड्या : टूथपेस्टची मोटारीएवढी नळी, सॉसेजवाल्यांचं प्रचंड मोठं डुक्कर, आणि मधोमध आपली गादी ट्रकवर, तिच्यावर झोपेचं सोंग घेतलेला माणूस. पोरं ओरडून ओरडून त्याला उठवत होती. पहिल्या गावात तो खरंच झोपला तेव्हा टाळ्या पडल्या. तिसऱ्या टप्प्यात नवरदेव दुसरा आला. चौथ्यात एका चाकाने हुकला, पण एकूण वेळेत सगळ्यांच्या वर गेला. काल संध्याकाळी महाफेरीत पहिलं नाव आपलं होतं, भाऊजी. मी रस्त्यात नाचलो.

आता तुम्ही प्रेमाने पाठवलेली ती गोष्ट. पुढे आहोत कळल्यावर तुम्ही कारखान्यातली सगळ्यांत भारी गादी खास गाडीने इथे पाठवलीत, नवरदेवासाठी. रात्री आली. त्याने हॉटेलची गादी भिंतीला लावली, तुमची अंथरली, अंग टाकलं आणि म्हणाला, "अरे वा." त्याचं हे आजपर्यंतचं शेवटचं वाक्य आहे.

सकाळी शर्यत सुटली. मी मोटारीत पुढे होतो, मला वाटलं तो घोळक्यात आहे. घोळक्यात बाकीचे सात होते, त्यांना वाटलं तो मोटारीपाशी आहे. मालिशवाला दाराबाहेर हातात कॉफी घेऊन उभा, पण करारातलं ते कलम त्याला तोंडपाठ. त्याने दार वाजवलं नाही. साडेअकराला मला कळलं. मी परत आलो तर नवरदेव कुशीवर वळून झोपलेला, चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू. अजून झोपलेला आहे. पंचांनी त्याचं नाव काढून टाकलं.

बाकी सगळं ठीक. आरामसीटबद्दल कुणाचीही तक्रार नाही.

तुमचा मेहुणा

&nbsp;

९ जुलै

मेहुणेबुवांस,

आशीर्वाद नाहीत.

चारशे गाद्यांचा माणूस एका गादीने खाल्ला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? मी सोमवारी न्हाव्याकडे गेलो तर दुकानातले सगळे डोळे मिटून बसले. मला वाटलं कुणी गेलंबिलं. मग एकजण घोरला.

तेही गिळलं असतं. पण रोज सकाळी पेपर उघडतो तर यादीत शेवटचं नाव तुझ्या गवंड्याचं. आणि नावापुढे कंसात माझा कारखाना. माझी पंचवीस वर्षांची पुण्याई रोज सगळ्यांच्या खाली छापून येते. कालपासून तर त्या पेपरने 'आजचा शेवटचा' म्हणून वेगळी चौकटच काढलीय, गवंड्याच्या फोटोसकट. फोटोत तो हसतोय. त्याला हसायचे पगार मी देतो का?

हे पत्र पोचेल त्या दिवशी त्याला उतरवून गाडीत बसव. वर नाव नाही तर खाली तरी नको. भीक नको, पण कुत्रं आवर. उरलेल्या सहा जणांनी गुपचूप मधे कुठेतरी यावं आणि घरी यावं.

तुझा भाऊजी

&nbsp;

१३ जुलै

भाऊजींस,

नमस्कार. तुमचं पत्र आजच मिळालं. पाकिटावरचा पोचल्याचा शिक्का परवाचा आहे हे ताईला दाखवू नका.

गवंड्याला अजून उतरवलेलं नाही. का ते वाचा आणि मग वाटल्यास मलाच उतरवा.

शर्यतीत पहिला आलेला कुणाच्याही लक्षात राहतो. दुसरा, तिसराही राहतो. चौथ्यापासून खाली ऐंशी माणसं आहेत, ती त्यांच्या आयांनाही पेपरात सापडत नाहीत. फक्त एकजण परत सापडतो, अगदी तळाशी. लोकांना त्याच्यावर माया असते, कारण प्रत्येकजण कुठे ना कुठे शेवटचा आलेला असतो. चौकातल्या शर्यती भरवणारे दोनच नावं नक्की बोलावतात, पहिल्याचं आणि शेवटच्याचं. शेवटून दुसऱ्याला कुणी पाणीही विचारत नाही. नवरदेव झोपला आणि गवंड्याने ज्याला ओढायचं तोच उरला नाही. मी त्याला म्हटलं, आता स्वतःसाठी चालव. तो विचार करून म्हणाला, पहिला यायचं बळ नाही, शेवटचा यायची अक्कल आहे.

आणि हे सोपं नाही, भाऊजी. रोज मुदत असते. पहिला पोचल्यावर ठरावीक वेळेत पोचला नाहीत तर घरी. म्हणजे शेवटचं यायचं, पण उशिरा यायचं नाही. त्यात सरबतवाल्यांच्या टीममधलाही एक जण याच जागेवर डोळा ठेवून आहे. काल घाटात दोघं एकमेकांना आग्रह करत होते, पुढे व्हा, नाही तुम्ही व्हा. सरबतवाला झाडामागे लपला. गवंडी पुढच्या वळणावर गुरांच्या गोठ्यात शिरला आणि त्याच्यावर नजर ठेवायला गाय होती म्हणे. सरबतवाला वाट बघून कंटाळला, पुढे गेला. गवंडी गोठ्यातून निघाला तो मुदतीला तीन मिनिटं शिल्लक असताना पोचला. पेपरवाल्यांनी अर्धं पान त्यालाच दिलं, जिंकणाऱ्याला पाव.

आणखी दहाच दिवस. तुम्ही दारोदार फिरलेले, कुणी दार लावून घेतलं की कसं वाटतं ते मी तुम्हाला सांगायला नको. कोपऱ्यावरचा म्हातारा शरद ऋतूपर्यंतच थांबणार आहे.

तुमचा मेहुणा

&nbsp;

१६ जुलै

मेहुणेबुवांस,

भरपूर आशीर्वाद. वाटून घ्या.

मी बोलतो जास्त, पण कान उघडे ठेवून बोलतो. काल स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे दोन बायका होत्या. एक म्हणाली, जुनी गादी आता टाकायलाच हवी. दुसरी म्हणाली, टाकच, आणि त्या शेवटच्याची घे. पहिली म्हणाली, कुणाची? दुसरी म्हणाली, अगं तो नाही का रोज शेवटचा येतो, हसत हसत. इतका हसरा माणूस म्हणजे रात्री नीट झोपत असणार. माझी गाडी चुकली, मी त्यांच्या मागे मागे फाटकापर्यंत गेलो.

मग दुकानात गेलो आणि पडद्याआड उभा राहिलो. एक जण आला, म्हणाला, ज्या गादीवर तो सायकलवाला शर्यत विसरून झोपला ती बघू. त्याच्या मागे आणखी चार. ज्याची झोप हरवलीय त्यालाही ही गादी पाहिजे आणि त्याच्यामुळे जिची हरवलीय त्या बायकोलाही पाहिजे. या आठवड्यात सातशे गाद्या गेल्या. मी नवरदेवाला पत्र लिहून पगार पूर्ण दिला आणि ती गादी बक्षीस. उत्तर आलं नाही. झोपला असेल.

तेव्हा नीट ऐक. गवंड्याला उतरवू नकोस. तो शेवटचाच आला पाहिजे. खबरदार जर एका जागेने वर गेला तर. त्या सरबतवाल्याला काय हवं ते दे, हवा भरून दे, ढकल, पण पुढे घाल.

आणि मी सगळ्यांना सांगितलंय की शेवटचं यायची युक्ती मुळात माझीच. तूही तसंच सांग.

तुझा भाऊजी

ता. क. : ताई. पडद्याआड उभे होते ते खरं. पण पडद्याखालून बूट दिसत होते, गिऱ्हाइकं त्यांनाच भाव विचारत होती.

&nbsp;

२३ जुलै

भाऊजींस,

नमस्कार. आवाज बसलाय म्हणून लिहितोय, नाहीतर फोन केला असता.

शेवटचा टप्पा स्टेडियममध्ये संपायचा होता. सकाळी हिशोब असा होता की एकूण वेळेत सरबतवाला आणि गवंडी अगदी बरोबरीत. जो त्या दिवशी मागे, तो फेरीत शेवटचा. पहिला आला, त्याला हार घातला, वाद्यं वाजली, आणि लोक उठलेच नाहीत. साठ हजार माणसं दाराकडे डोळे लावून बसून राहिली.

दोघं एकदम आत आले. चालत गेले असते तर लवकर पोचले असते. शेवटच्या रेषेपासून हातभर अंतरावर दोघांनी सायकली उभ्या केल्या. उतरायचं नाही, पाय टेकायचा नाही, टेकला तर बाद. चाकं जागच्या जागी. सरबतवाला हँडल डावं-उजवं करत तोल सांभाळत होता. गवंडी हललाही नाही. वीस वर्षं परांचीच्या फळीवर उभं राहून विटा झेललेल्या माणसाला तोल शिकवावा लागतो का? एवढ्या माणसांत माशीचा आवाज ऐकू येत होता. वेळ मोजणारा घड्याळ धरून मुदत ओरडत होता, दोन मिनिटं, दीड, एक. आणि मुदत संपली की दोघंही घरी.

तेव्हा गवंडी शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "घरी काय सांगितलंयस?"

सरबतवाला म्हणाला, "की येतो लवकर." आणि त्याला हसू फुटलं. हसू फुटलं की तोल जातो. सायकल पुढे सरकली, रेषेवरून गेली. मागोमाग गवंडी. घड्याळात चार सेकंद उरले होते. लोकांनी टोप्या उडवल्या त्या अजून स्टेडियमचे झाडूवाले गोळा करतायत. पहिला आलेला स्वतः धावत येऊन गवंड्याच्या गळ्यात आपला हार घालून गेला. फोटो काढणारे तिथेच होते, त्यामुळे उद्या दोघंही पहिल्या पानावर.

रात्रीपर्यंत अकरा गावांची बोलावणी आली. गवंड्याने सरबतवाल्याला सांगितलं की प्रत्येक ठिकाणी तूही चल, दोघांनी उभं राहून दाखवू, मानधन अर्धं अर्धं. लोक त्या उभं राहण्यालाच पैसे देणार आहेत म्हणतो. अर्ध्यातही दुकान बसतंय. त्याने म्हाताऱ्याला तार केली, मग माझ्याकडे येऊन टोपी हातात धरून उभा राहिला. मी ती टोपी परत त्याच्या डोक्यावर घातली. 

तुमचा मेहुणा

&nbsp;

५ ऑगस्ट

मेहुणेबुवांस,

पोतंभर आशीर्वाद.

कारखान्याची रस्त्याकडची भिंत येऊन बघ. रंगाऱ्याला परांची बांधून चढवलं. माणसाएवढी अक्षरं आहेत, रेल्वेतून वाचता येतात : 'साडेतीन हजार किलोमीटर, तीन आठवडे, एकच आरामसीट'. खाली गवंड्याचं हसतं चित्र. रंगाऱ्याला नाक जमलं नाही, पण हसू जमलंय. सीटला मागणी आलीय, एक वेगळी शेड टाकतोय. जो सायकलवाला मला रोज सांगायचा की गादी आणि सायकल यांचा काय संबंध, तो आता एजन्सी मागायला दारात उभा असतो.

दुकानात मधोमध काचेची पेटी करून घेतलीय. आत लाल मखमल. त्यात तीच सीट ठेवायची, गवंडी ज्यावर बसून देश फिरला ती. झिजलेली, मळलेली, जशी असेल तशी. धुऊ नकोस. पहिल्या तारखेला उघडायची, पेपरवाल्यांना बोलावलंय.

सीट ताबडतोब पाठव.

तुझा भाऊजी

&nbsp;

१२ ऑगस्ट

भाऊजींस,

नमस्कार. सीट सोबत पाठवली आहे. हवा चांगली आहे. गवंडी आणि सरबतवाला काल पाचव्या गावी उभे राहिले, मेयरची बायको चक्कर येऊन पडली. पेटीला काच जाड लावा आणि दिवा फार जवळ नको.

घाईत आहे.

तुमचा मेहुणा

&nbsp;

३ सप्टेंबर

गवंडीबुवांस,

तुझा मॅनेजर माझा मेहुणा आहे आणि त्याचं पत्र सहा ओळींचं आलं. तो बारा पानांखाली कधी लिहीत नाही. तेव्हाच माझे कान टवकारले. म्हणून तुलाच विचारतो.

पेटी उघडली, समारंभ झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सीटवर चिखल भरपूर होता. पण तो वरून लावलेला होता, जसा गिलावा लावतात. सफाईदार, कडा ओढून. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी सुईचं टोक घेऊन थोडा खरवडला. शिवणीवरची माझी खडूची खूण खाली तशीच आहे. खडू माणूस दोन दिवस बसला तरी पुसतो. मी जन्मभर लोकांच्या गाद्या उसवल्यात, कोण किती झोपलं ते मला कापड सांगतं.

घाबरू नकोस. पैसे परत मागत नाही, दुकान तुझं आहे, ते तू चाकांवर उभं राहून मिळवलंस. भिंतही पुसणार नाही, रंग महाग आहे. पण त्या सीटच्या दोन हजार ऑर्डरी माझ्याकडे पडल्यात आणि लोक तिच्यावर खरंच बसणार आहेत. तेव्हा मला खरं कळायला हवं. सीटमध्ये खोट काय आहे, आणि तू तिच्यावर किती बसलास?

कारखान्याचा मालक

&nbsp;

२१ सप्टेंबर

मालकांस,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, दुकानाच्या दाराला रंग देत होतो. मला लिहायची सवय नाही, बायको लिहून घेते आहे, चुकलं तर तिचं.

दुकान चालू झालं. सरबतवाला बुधवारी येतो, चाकं सरळ करून देतो. मॅनेजरसाहेबांवर रागावू नका. चिखल मी लावला, ते नको म्हणत होते.

सीटमध्ये खोट काही नाही. फक्त तिच्यावर बसून पायडल मारता येत नाही. स्प्रिंगा मांड्यांना वर ढकलतात आणि पाय खाली पोचेपर्यंत पायडल वर येतं. बसायला मात्र उत्तम. तुमच्या नव्या शेडमधून दुकानांना आलेल्या नमुन्यांतली एक मी दुकानात तिपाईवर ठोकलीय, चाक दुरुस्त होईपर्यंत गिऱ्हाईक तिच्यावर बसतं. चाक झालं तरी उठत नाही. तपासनीसही येतो, त्याच्याकडे सायकल नाही. सगळे विचारतात, अशी तिपाई कुठे मिळते. तेव्हा दोन हजार ऑर्डरींना तीन-तीन पाय लावता आले तर बघा.

किती बसलो ते विचारलंत. पहिल्या दिवशी गावाबाहेर पहिला चढ लागला तिथे मी उतरलो आणि माझी जुनी सीट लावली. तोवर बावीस किलोमीटर झाले होते. त्यातले सतरा मी उभा राहून चालवले.

गवंडी